दाहक आंत्ररोगातील पेशी-आसंजन रेणू

पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांच्या आधारे एक पेशी दुसऱ्या पेशीला किंवा भोवतालच्या तंतुमय आधारद्रव्याला चिकटते, त्यांना पेशी-आसंजन रेणू म्हणतात. क्रोन रोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे व्रणयुक्त बृहदांत्रदाह, हे दाहक आंत्ररोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. या दोन्ही विकारांत आतड्याच्या भिंतीत श्वेतपेशींची गर्दी होते, त्यांच्या स्रावांनी ऊतकाची हानी होते आणि तो दाह वर्षानुवर्षे कमी-अधिक होत राहतो. या श्वेतपेशींपैकी पुष्कळशा रक्तातून आलेल्या असतात. रक्तात वाहणाऱ्या पेशीने नेमके आतड्यातच का थांबावे, या प्रश्नाचे उत्तर आसंजन रेणूंत सापडते, आणि या रोगावरील उपचारांची एक संपूर्ण शाखा त्या उत्तरावर उभी आहे.

श्वेतपेशी रक्तवाहिनीबाहेर पडते ती एका झटक्यात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने, आणि बहुधा केशवाहिन्यांच्या लगत पुढे असलेल्या सूक्ष्म नीलिकांमधून. पहिल्या टप्प्याचे काम सिलेक्टिन नावाचे रेणू करतात. श्वेतपेशीवर एल-सिलेक्टिन असते, तर वाहिनीच्या अंतःस्तरावर पी-सिलेक्टिन आणि ई-सिलेक्टिन प्रकट होतात. पी-सिलेक्टिन अंतःस्तराच्या पेशींत आधीपासून साठवलेले असल्याने काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन मात्र टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांसारख्या दाहजनक सायटोकाइनांच्या, म्हणजे पेशींनी स्रवलेल्या संदेशवाहक प्रथिनांच्या, प्रभावाखाली नव्याने तयार व्हावे लागते, म्हणून त्याला काही तास लागतात. सिलेक्टिनांचे बंध समोरच्या पेशीवरील शर्करायुक्त रेणूंशी जुळतात आणि ते क्षणात जुळतात, क्षणात सुटतात. त्यामुळे पेशी घट्ट न चिकटता वाहिनीच्या भिंतीवरून गडगडत पुढे सरकते. गती अशी मंदावल्यावर भिंतीवरील केमोकाइनांचा संदेश तिला मिळतो आणि तिच्या पृष्ठभागावरील, एरवी वाकून मिटलेले इंटेग्रिन रेणू ताठ उघडून सक्रिय होतात. हे इंटेग्रिन अंतःस्तरावरील इम्युनोग्लोब्युलिन कुळातील आयकॅम-१, व्हीकॅम-१ किंवा मॅडकॅम-१ या रेणूंना घट्ट पकडतात. त्यानंतर पेशी चपटी होते आणि अंतःस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून, क्वचित एखाद्या पेशीच्या आरपारही, ऊतकात उतरते.

हा क्रम शरीरात सर्वत्र साधारण सारखाच असतो. आतड्याचे वेगळेपण एका जोडीत आहे: लसिकापेशी या श्वेतपेशींच्या प्रकारावरील अल्फा-४ बीटा-७ हे इंटेग्रिन आणि त्याला धरणारे मॅडकॅम-१. मॅडकॅम-१ प्रामुख्याने आतड्याच्या श्लेष्मल स्तरातील नीलिकांवर, तसेच पायर पट्ट्यांमधील (लघ्वांत्राच्या भिंतीतील लसिका-ऊतकाच्या पुंजक्यांमधील) आणि आंत्रबंधातील लसिकाग्रंथींमधील नीलिकांवर आढळते. मेंदू, त्वचा किंवा फुप्फुस यांच्या वाहिन्यांवर ते सामान्यतः नसते. अल्फा-४ बीटा-७ची आणखी एक खुबी अशी, की गडगडणे आणि घट्ट चिकटणे ही दोन्ही कामे ते मॅडकॅम-१च्या आधारे पार पाडू शकते. लसिकापेशीला हे इंटेग्रिन मिळते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. आतड्यातील डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी लसिकापेशींना परक्या पदार्थांची ओळख करून देणाऱ्या पेशी, आहारातील अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल तयार करतात. त्यांच्या सान्निध्यात प्रथम जागृत झालेल्या टी लसिकापेशीवर त्या आम्लामुळे अल्फा-४ बीटा-७ आणि सीसीआर-९ हा केमोकाइन ग्राही उमटतो. पुढे ती पेशी रक्तातून कुठेही फिरली, तरी तिच्या अंगावर आतड्याचा पत्ता लिहिलेला असतो.

निरोगी अवस्थेतही पेशींची ही ये-जा चालूच असते, कारण अन्न आणि जिवाणू यांच्या अखंड संपर्कात असलेल्या या अवयवाला पहाऱ्याची गरज असते. दाहक आंत्ररोगात बिघडते ते तिचे प्रमाण. दाह असलेल्या भागातील नीलिकांवर मॅडकॅम-१ वाढलेले आढळते, आयकॅम-१ आणि ई-सिलेक्टिनही वाढतात. आलेल्या पेशी आणखी टीएनएफ स्रवतात, त्यामुळे अंतःस्तरावर आणखी आसंजन रेणू येतात आणि आणखी पेशी थांबतात, असे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. टीएनएफविरोधी औषधे आणि स्टेरॉइडे यांच्या परिणामाचा एक भाग हे चक्र तोडण्यातच आहे. मात्र न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या श्वेतपेशी मुख्यतः बीटा-२ इंटेग्रिनांच्या आधारे आयकॅम-१ला चिकटतात; त्यांचा मार्ग अल्फा-४ बीटा-७वर अवलंबून नाही. बीटा-२ इंटेग्रिनच जन्मजात सदोष असलेल्या मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात, आणि त्यांच्यापैकी काहींत क्रोन रोगासारखा आंत्रदाहही दिसतो. आसंजन जितके कमी तितका दाह कमी, हे साधे समीकरण त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

आसंजनाची दुसरी बाजू आतड्याच्या आतील अस्तराची आहे. वाहिनीत आसंजन वाढल्याने रोग बळावतो, तर अस्तरात ते सैल पडल्याने. अस्तराच्या पेशींना ई-कॅडेरिन एकमेकींशी बांधून ठेवते, आणि त्याच्यावरच्या घट्ट सांध्यांत क्लॉडिन, ऑक्लुडिन व जॅम-ए हे रेणू असतात. क्लॉडिनांतील काही रेणू फट बुजवतात, तर क्लॉडिन-२ सोडियमसारख्या आयनांना आणि पाण्याला वाट करून देते. दाहक आंत्ररोगात हे क्लॉडिन-२ वाढते, आणि सक्रिय क्रोन रोगात क्लॉडिन-५ व क्लॉडिन-८ घटलेले आढळतात. अतिसाराचे एक कारण येथे आहे. ई-कॅडेरिनच्या जनुकालगतचा भाग अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या जोखमीशी निगडित असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय पाहणीत दिसून आले. जिवाणूही या यंत्रणेचा फायदा घेतात: लघ्वांत्राच्या शेवटच्या भागातील क्रोन रोगात अस्तरावर सीईएकॅम-६ हा रेणू वाढतो आणि ई. कोलायच्या काही चिवट जाती आपल्या तंतूंनी त्यालाच धरून पेशीत शिरतात.

उपचारांची कथा एका माकडापासून सुरू होते. कोलंबियाच्या वायव्य भागातले कॉटन-टॉप टॅमरिन हे छोटे माकड बंदिवासात ठेवले की त्याला माणसाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा रोग आपोआप जडतो. १९९३ साली अल्फा-४विरोधी प्रतिपिंडाने आणि १९९६ साली अल्फा-४ बीटा-७विरोधी प्रतिपिंडाने या माकडांचा दाह ओसरल्याचे संशोधकांनी दाखवले. माणसात प्रथम आले ते अल्फा-४वर बेतलेले नॅटालिझुमॅब. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारासाठी मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले, कारण दोन रुग्णांना जेसी विषाणूमुळे मेंदूचा पांढरा भाग नष्ट करणारा विकार झाल्याचे उघड झाले. तिसरा रुग्ण त्यानंतर उघडकीस आला; तो क्रोन रोगाचा होता, आणि त्याच्या मेंदूतील विकाराचे निदान आधी गाठ असे झाले होते. कारण तर्काने समजण्यासारखे होते: अल्फा-४ हा घटक अल्फा-४ बीटा-१ या दुसऱ्या इंटेग्रिनमध्येही असतो, आणि व्हीकॅम-१ला धरून मेंदूत पहाऱ्यासाठी जाणाऱ्या लसिकापेशी त्याच्याच आधारे जातात. एका कुलपासाठी केलेल्या उपायाने दोन दारे बंद झाली होती. औषध २००६ मध्ये कडक नियमांसह परतले आणि २००८ मध्ये अमेरिकेत क्रोन रोगासाठीही मान्य झाले, पण आंत्ररोगात त्याचा वापर मर्यादितच राहिला.

व्हेडोलिझुमॅब हे केवळ अल्फा-४ बीटा-७ या जोडीला रोखते, म्हणून त्याचा परिणाम आतड्यापुरता राहतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपात त्याला मान्यता मिळाली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या चाचणीत दर आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ४१.८ टक्के रुग्ण ५२व्या आठवड्यात रोगमुक्त अवस्थेत होते, तर सुरुवातीच्या मात्रांनंतर निष्क्रिय औषधावर ठेवलेल्यांत हे प्रमाण १५.९ टक्के होते. क्रोन रोगात परिणाम तुलनेने सौम्य आणि संथ दिसतो. आधीच ऊतकात शिरलेल्या पेशींना हे औषध बाहेर काढत नाही, ही बाब त्या संथपणाशी जुळते. २०१९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये टीएनएफविरोधी ॲडालिमुमॅबशी झालेल्या थेट तुलनेत रोगमुक्त अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण व्हेडोलिझुमॅबवर ३१.३ टक्के, तर ॲडालिमुमॅबवर २२.५ टक्के होते. स्टेरॉइडाविना रोगमुक्तीच्या निकषावर मात्र आकडे उलट दिशेने गेले, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. भारतात या औषधाला आणखी एक महत्त्व आहे. येथे आतड्याचा क्षयरोग क्रोन रोगासारखाच दिसतो आणि सुप्त क्षयरोग टीएनएफविरोधी औषधांनी उफाळण्याचे भय असते. त्या तुलनेत आतड्यापुरता मर्यादित उपाय कमी जोखमीचा मानला जातो. निदानाची कसोटी मात्र त्याने टळत नाही.

पुढच्या प्रयत्नांचा अनुभव संमिश्र आहे. बीटा-७ला रोखणारे एट्रोलिझुमॅब अल्फा-४ बीटा-७बरोबर अल्फा-ई बीटा-७लाही अडवते, म्हणजे लसिकापेशींची आतड्यात येण्याची वाट आणि ई-कॅडेरिनला धरून अस्तरात टिकून राहण्याची सोय, दोन्हींवर घाव घालते. कागदावर ते सरस असायला हवे होते, पण तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत यशात सातत्य दिसले नाही. आयकॅम-१ची निर्मिती रोखण्यासाठी तयार केलेले अ‍ॅलिकाफोर्सेन क्रोन रोगात निष्प्रभ ठरले. व्हेडोलिझुमॅबने बरे वाटलेल्या काही रुग्णांच्या आतड्यातील टी पेशींची संख्या अपेक्षेइतकी घटलेली नव्हती, तर मॅक्रोफेजांसारख्या सहज प्रतिकारशक्तीच्या पेशींत बदल झाले होते, असेही अभ्यास आहेत. दारावर अडवणे हे चित्र सोयीचे असले, तरी ते पूर्ण नाही. जपानमध्ये २०२२ साली कॅरोटेग्रास्ट मेथिल ही अल्फा-४ला रोखणारी गोळी अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मान्य झाली. तिचे लक्ष्यही नॅटालिझुमॅबप्रमाणे दोन्ही इंटेग्रिनांत असलेला अल्फा-४ हाच घटक असल्याने ती सलग वर्षानुवर्षे न देता ठरावीक मुदतीपुरतीच दिली जाते.