पार्श्वभूमी : प्रोसेसरचा पंखा शांत कसा झाला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात मे महिन्यात कॉम्प्युटरचा पंखा ऐकूच येत नाही, खिडकीतला वाळ्याचा कूलर सगळे आवाज झाकून टाकतो. दिवाळीनंतर कूलर बंद झाला की रात्री खोली निवांत होते आणि टेबलाखालची घरघर कानाला टोचू लागते. घरातल्या जुन्या कॅसेटी मी रात्रीच कॉम्प्युटरवर उतरवतो. तानपुऱ्याच्या खर्जाखाली पंख्याचा सूर मिसळला की ऐकणं नासतं. भातखंड्यांच्या मदतीनं १९१८ साली माधवराव शिंद्यांनी ज्या ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली, तिथे एवढा हट्ट धरायला हवाच.

मुळात प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपला, पंखा नव्हताच. इंटेलच्या १९८५च्या ३८६ या प्रोसेसरपर्यंत चिप उघडीच बसवत. १९८९ साली ४८६ आला. १९९२ साली त्याचा ६६ मेगाहर्ट्झचा प्रकार निघाला तेव्हा वर अॅल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पत्र्यांचा ठोकळा, आणि अनेकदा चिमुकला पंखाही दिसू लागला. १९९३चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि सोळा वॅटपर्यंत वीज खाई. पंखा आला तो कायमचा.

उष्णता वाढण्याचं गणित सरळ आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, लहान करताना व्होल्टेजही उतरवलं, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिलं होतं. तीसेक वर्षं त्यावर निभलं. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की ते बंद असतानाही वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ सालच्या नव्या पेंटियम ४ मध्ये हे उघड झालं. चिप आकसली, पण तिच्या वरच्या प्रकारांची उष्णता ११५ वॅटवर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं पुढची, टेजस नावाची चिप रद्द केली. २००६चा कोअर २ ड्युओ ६५ वॅटचा होता. माझ्या मते शांततेला खरी मदत या माघारीनं केली.

दुसरी मदत तांब्याच्या नळीची. हीट पाइपमध्ये हवा काढून थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. आत दाब इतका कमी की पाणी थोड्याशा उष्णतेनंही उकळतं. चिपजवळ त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांच्या गठ्ठ्यात ती थंड होऊन पाणी बनते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी घडवली. कॉम्प्युटरमध्ये तिनं चिपच्या जराशा जागेतली उष्णता तळहाताएवढ्या पत्र्यांवर पसरवली, म्हणून मोठा पंखा लावायला जागा झाली.

मोठा का? ८० मिलिमीटरऐवजी १२०चा पंखा घेतला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तेवढीच हवा सावकाश फिरून मिळते. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण पंधरा डेसिबलनं उतरतो. पंखे बनवणाऱ्या कंपन्यांत कोरियाची झालमन १९९९ची आणि ऑस्ट्रियाची नॉक्टुआ २००५ची. दोघींनी नाव कमावलं ते याच वाटेनं.

चार पिनांचा पंखाही याच काळातला. त्याला वेगाचा संदेश चौथ्या तारेतून २५ किलोहर्ट्झच्या स्पंदनांनी जातो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यामुळे त्या स्पंदनांची किणकिण उमटली तरी आपल्याला जाणवत नाही. कुणीतरी कानाचा इतका विचार केला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ग्वाल्हेरची गोष्ट. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिपची मर्यादा १०० अंश धरली तर २५ अंशांच्या खोलीत पंच्याहत्तर अंशांची सवड मिळते, दुपारी ४२ अंशांत अठ्ठावन्नच. शिवाय लूबरोबर, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याबरोबर, येणारी माती पत्र्यांच्या फटीत बसते आणि हवेची वाट अडते. म्हणून मी बायोसमध्ये, कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, पंख्याची दोन सेटिंग ठेवली आहेत. होळीनंतर वेगाचं, तेव्हा कूलरच्या आवाजात ते खपून जातं. दिवाळीला ब्रशनं पत्रे झाडले की सावकाशीचं, कॅसेटींसाठी.