व्हॅश्टी बन्यन ३५ वर्षं गायली का नाही

इंग्लिश गायिका व्हॅश्टी बन्यनचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा घोडागाडीची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे आणि भारीही आहे, पण त्या नादात ती गायची थांबली का आणि परत आली कशी हे राहूनच जातं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

जन्म १९४५ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. ऑक्सफर्डच्या रस्किन आर्ट स्कूलमधून तिला काढून टाकलं, कारण चित्रं सोडून ही गाणी लिहीत बसायची. मग न्यूयॉर्कला गेली, तिथे बॉब डिलन ऐकला आणि ठरलंच की आपण गायचं. पण तिला व्हायचं होतं पॉप सिंगर, हे महत्त्वाचं आहे. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅमने तिला डेक्का या रेकॉर्ड कंपनीत आणलं, पण पहिल्या सिंगलला गाणं दिलं त्याच बँडच्या जॅगर आणि रिचर्ड्सचं, तिचं स्वतःचं गेलं मागच्या बाजूला. चाललं नाही. पुढच्या वर्षी कोलंबियावर दुसरं सिंगल आलं, तेही गेलं. त्यानंतर ओल्डहॅमच्याच इमीजिएट कंपनीत रेकॉर्डिंग झालं पण सिंगल काही निघालं नाही. स्वतः लिहिणाऱ्या विशीतल्या मुलीचं काय करायचं हे त्या इंडस्ट्रीला कळलंच नाही असं मला वाटतं.

१९६८ ला वैतागून ती आणि तिचा जोडीदार रॉबर्ट लुईस लंडन सोडून निघाले, एक घोडी, एक गाडी, एक कुत्रा, आणि जायचं कुठे तर स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, तिथे गायक डोनोव्हन कलाकारांची वस्ती करणार होता म्हणून, गाडीघोड्याचे पैसेही त्यानेच उसने दिलेले. पोचेपर्यंत दीड-एक वर्ष गेलं आणि तोवर वस्तीचा बेत बारगळला होता. पण वाटेत गाणी झाली, आणि १९६९ च्या शेवटी प्रोड्यूसर जो बॉइडने ती लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्ड केली. गायक निक ड्रेकच्या गाण्यांना स्ट्रिंग्ज देणारा रॉबर्ट कर्बी, फेअरपोर्ट बँडचे स्वॉरब्रिक आणि निकोल, इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन, अशी सगळी मंडळी त्यावर आहेत. ‘जस्ट अनदर डायमंड डे’ हा अल्बम फिलिप्स कंपनीने १९७० च्या डिसेंबरमध्ये काढला. तोवर तिला मूल झालं होतं, बॉइडही त्याच सुमारास अमेरिकेला वॉर्नर ब्रदर्सकडे निघालेला, म्हणजे रेकॉर्डची बाजू घेऊन उभं राहणारं कोणी नव्हतंच. काहीशे प्रती खपल्या असतील.

आणि तिने तो निकाल मानला. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. गिटार ठेवून दिली, रेकॉर्ड परत ऐकवेना, पोरांनासुद्धा कधी गाऊन दाखवलं नाही. आयर्लंड, स्कॉटलंड, शेती, जनावरं, तीन मुलं, असं आयुष्य गेलं. शिवाय लोकांनी ‘फोक’चा, म्हणजे लोकसंगीताचा, शिक्का मारलेला, तो तिला कधीच पटला नाही, आजही पटत नाही.

इकडे तिच्या नकळत जुन्या रेकॉर्ड जमवणारे तिचा अल्बम शोधत होते, प्रती प्रचंड महाग विकल्या जात होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरात कॉम्प्युटर आला, तिने इंटरनेटवर स्वतःचं नाव टाकलं तेव्हा कुठे हे समजलं! मग टेप कुणाकडे आहेत, हक्क कुणाकडे आहेत याच्या मागे लागून २००० साली अल्बम पुन्हा निघाला. या वेळी ऐकणारे तिच्या मुलांच्या वयाचे. तरुण गायक देवेंद्र बॅनहार्टने पत्र लिहिलं, पुढे त्याच्या अल्बमवर ती गायली, अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या बँडबरोबरही गायली, आणि २००५ मध्ये फॅटकॅट कंपनीकडून ‘लुकआफ्टरिंग’ हा दुसरा अल्बम आला, प्रोड्यूसर मॅक्स रिश्टर, जोअ‍ॅना न्यूसमची हार्प, कव्हरवरचं चित्र तिच्या मुलीचं. दोन अल्बममध्ये ३५ वर्षं. आवाज तोच, हळू, जवळून बोलल्यासारखा. २००७ ला साठच्या दशकातली सिंगल्स आणि डेमोही एकत्र आले, ते ऐकलं की तिला पॉप सिंगर का व्हायचं होतं ते लगेच पटतं.

तरी माझ्या मते खरी परत आली ती २०१४ च्या ‘हार्टलीप’मध्ये. हा तिने बराचसा घरीच, स्वतः रेकॉर्ड केला, त्याला कित्येक वर्षं लागली. तिला नोटेशन येत नाही, पियानो एका वेळी एकाच हाताने वाजवते, मग कॉम्प्युटरवर एकेक भाग जोडत बसायचं, आणि डोक्यात जसं वाजतंय तसंच बाहेर येईपर्यंत कोणी घाई करणार नाही. १९६५ पासून हे तिला कोणी करू दिलं नव्हतं. हा शेवटचा अल्बम असं तिने तेव्हाच सांगून टाकलं, आणि पुढे २०२२ ला घोडागाडीच्या दिवसांचं पुस्तकही स्वतःच लिहिलं.