पाण्याला लांब ठेवलेलं पीठ

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या गल्लीतल्या बायका तूप, मैदा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची, भाजायचे पैसे किलोवर. मी आईबरोबर जायचे. काळ्या पत्र्यांवर ओळीने गोळे मांडलेले असायचे, भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याचं फावडं घेतलेला माणूस उभा असायचा आणि वेलदोड्याचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. डबा भरताना एखादी नानकटाई हातातच फुटायची. आई म्हणायची, "फुटली म्हणजे जमली."

नानकटाई अशी फुटते, कारण तिच्यातल्या पिठाची पाण्याशी जवळजवळ गाठच पडलेली नसते. घरात असलेल्या सामानातून उत्तम बिस्किटं करायची असतील तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाकीचे नियम तिच्यातूनच निघतात.

चपाती आठवून बघा. तीही गव्हाचीच, पण ओढली तर ताणली जाते. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. त्यांतले दोन मुख्य प्रकार म्हणजे ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं आणि पीठ मळलं की ही प्रथिनं एकमेकांत गुंतून लवचिक जाळं विणतात. ते ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोपो बेक्कारी यांनी कणीक पाण्याखाली धुऊन ते वेगळं काढलं आणि 1745 साली त्याबद्दल प्रसिद्ध केलं. घरीही करता येतं. लिंबाएवढा घट्ट गोळा बारीक धारेखाली चोळत राहा, पांढरं पाणी यायचं थांबलं की हातात रबरासारखा चिकट तुकडा उरतो. गावाकडे लहानपणी ज्यांनी गव्हाचे दाणे चावून चावून चिंगम केलं आहे, त्यांनी हाच प्रयोग तोंडात केलेला आहे.

चपातीला हे जाळं हवं. नानकटाईला ते झालं तर ती वातड होते. म्हणून तिथे पिठाला आधी तूप लावायचं. तुपाचा थर पिठाच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि दाताखाली आलेला तुकडा ताणला न जाता कोसळतो. आपल्या स्वयंपाकघरात याला फार जुना शब्द आहे: मोहन. शंकरपाळी, करंजी, चकली, सगळ्यांचा खुसखुशीतपणा मोहनावर ठरतो. मोहन कमी पडलं तर कडक, जास्त झालं तर तेलात विरघळते, हे ज्या हातांना माहीत आहे त्यांना ग्लुटेन वेगळं शिकवायची गरज नाही. नानकटाई म्हणजे मोहनाची शेवटची पायरी. तिथे मोहनानेच पीठ भिजवायचं, पाण्याने नाही.

दुसराही एक फरक आहे आणि मला तो जास्त नवलाचा वाटतो. पिठात सर्वांत जास्त असतं ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. चपाती भाजताना किंवा भात शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. नानकटाईत पिण्याजोगं पाणीच नसतं. त्यामुळे ओव्हनमधून बाहेर आल्यावरही तिच्यातले बरेचसे पिष्टकण न फुगलेलेच असतात. त्या अर्थाने ती 'शिजत' नाही, भाजते. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते किती नेमके आहेत!

सुरतेला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिथली डच बेकरी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तिच्यातून नानकटाई घडली, असं सुरतेत सांगतात. 'कुकी' हा शब्दही मुळात डचच, 'छोटा केक' अशा अर्थाचा. त्या कथेत असंही आहे की स्थानिक गिऱ्हाइकांसाठी अंडी वगळली गेली. ते खरं असेल तर रुचीच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट घडली म्हणायची, कारण अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. अमेरिकी पद्धतीची कुकी मधे मऊ आणि चिवट लागते, त्यात अंड्यातल्या पाण्याचा मोठा हात आहे. अंडं गेलं, तसं तेवढं पाणीही गेलं.

माझं घरचं प्रमाण असं: मैदा 150 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम, तूप 120 ग्रॅम, खाण्याचा सोडा चहाचा पाव चमचा, दही एक चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. साधारण बावीस नानकटाया होतात. बेसनात ग्लुटेन नसतं, म्हणून ते मैद्याचं जाळं आणखी विरळ करतं. रव्याचे कण मात्र मोठे असल्याने दाताखाली किंचित रवाळ लागतात. वजन काट्यावरच करावं असा माझा आग्रह आहे. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर बराच फरक पडतो, आणि इथे तूप दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी जाणवतं.

खरी मेहनत तूप-साखर फेसण्यात आहे. परातीत थिजलेलं, पण बोट सहज रुतेल असं तूप घ्यायचं आणि साखर घालून तळहाताच्या टाचेने एकाच दिशेने घासत राहायचं. पाच मिनिटांनी ते हलकं वाटू लागतं, दहा मिनिटांनी पिवळेपणा जाऊन पांढरट दिसतं. रंग बदलतो तो आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. ते प्रकाश सगळीकडे विखुरतात. फेस पांढरा दिसतो तो याच कारणाने. म्हशीचं तूप वापरणाऱ्यांना मात्र रंगावरून अंदाज येत नाही. गाईच्या तुपाचा पिवळेपणा बीटा-कॅरोटिन या रंगद्रव्याचा असतो. म्हशीच्या शरीरात त्याचं जीवनसत्त्व अ होऊन जातं, म्हणून तिचं तूप आधीच पांढरं.

तिथे पाण्याची परीक्षा उपयोगी पडते. वाटीभर पाण्यात फेसलेल्या मिश्रणाचा मटारएवढा गोळा सोडायचा. तरंगला तर झालं. नुसतं तूप पाण्यावर नेहमीच तरंगतं, तेव्हा ही परीक्षा खोटी वाटेल. पण यात साखर आहे आणि साखर पाण्याच्या दीडपटीहून जड असते. वरच्या प्रमाणातलं तूप-साखरेचं मिश्रण हवेशिवाय असेल तर त्याची घनता साधारण 1.14 येते, म्हणजे ते बुडायलाच हवं. ते तरंगायला लागतं, तेव्हा त्याच्या आकारमानाचा किमान आठवा हिस्सा हवेचा झालेला असतो. तुम्ही मनगटाने किती हवा कोंडली, याचं हे सरळ मोजमाप आहे.

ही हवा टिकते ती तुपातल्या घन स्फटिकांच्या आधाराने. दुधातली स्निग्धं वेगवेगळ्या तापमानांना वितळतात, काही थंडीतही पातळ, काही पस्तीस अंशांच्या पुढे. म्हणूनच तूप मऊ-घट्ट अशा मधल्या अवस्थेत राहू शकतं. मुंबईच्या मे महिन्यात ते पार पातळ होतं, मग कितीही फेसा, हवा धरायला आत काही घट्ट उरतच नाही. वाटी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. आणि लोण्याने करायला गेलात तर लक्षात ठेवा, लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. चव छान येते, पण चुरचुरीतपणा वेगळा लागतो.

पीठ घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण मळणं आपल्या हातात मुरलेलं आहे. गोळा जुळत नाही म्हणून दुधाचा हबका मारायचा मोह होतो. तो आवरावा आणि अर्धा चमचा तूप घालावं. चमचाभर दही आहे ते सोड्यासाठी. आम्ल मिळालं की सोड्यातून लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो. उरलेला सोडा ओव्हनच्या उष्णतेने फुटतो, तेव्हाही तोच वायू आणि थोडी वाफ निघते. मात्र मागे राहतो तो सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा. सोडा जास्त झालेलं बिस्किट साबणासारखं लागतं ते यामुळे. चमचाभर खाण्याचा सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर दहा-पंधरा मिनिटं परतून गार करा आणि हळदीच्या पाण्यात घाला. न भाजलेल्या सोड्यापेक्षा तो हळद कितीतरी गडद लाल करतो. भाजल्याने त्याचा अल्कधर्म वाढल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. (हे पाणी चाखू नका आणि डोळ्यांपासून लांब ठेवा.)

गोळे मांडून 170 अंशांना पंधरा ते अठरा मिनिटं. आधी एकच भाजून बघा. ती पसरून चपटी झाली तर तूप जास्त किंवा गरम आहे. गोळे अर्धा तास गार करा, तरी पसरली तर दोन चमचे मैदा. वरच्या भेगा हा दोष मानू नका. बाहेरचा थर आधी वाळतो, आतून वायू फुगत असतो, वाट मिळेल तिथे तो थर तडकतो.

ओव्हन नसेल तर कुकर चालतो, पण त्यातली रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलीच पाहिजेत. जाड बुडाच्या कुकरात मिठाचा थर, त्यावर स्टँड, त्यावर ताटली. मीठ उष्णता साठवून ती सावकाश देतं. यात पाणी अजिबात घालायचं नाही. पाणी असेपर्यंत बंद कुकरचं तापमान 120 अंशांच्या आसपास अडकून राहतं, आणि खमंगपणा सुरू होतो तो त्याच्या पुढे. वरणाला कुकरात कधी भाजका रंग येत नाही, तो याचमुळे. मीठ वापरा ते वेगळं ठेवा, आणि कुकर शक्यतो जुना घ्या. कोरडा तापवल्याने तो खराब होऊ शकतो.

त्या खमंगपणाचं नाव मायार अभिक्रिया. फ्रान्सच्या लुई-कामिय मायार यांनी 1912 साली तिचं वर्णन केलं. प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, आणि काही साध्या शर्करा उष्णतेत एकत्र येतात आणि त्यांच्यापासून तपकिरी रंग आणि शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. 140 अंशांच्या पुढे ही क्रिया जोर धरते. बेसनाने नानकटाई अधिक खमंग होते, त्याचं कारण इथे आहे. या क्रियेत चटकन भाग घेणारं लायसिन हे अमिनो आम्ल गव्हात कमी आणि हरभऱ्यात भरपूर असतं. साखरेऐवजी गूळ घातला तर रंग लवकर येतो, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार असतात. नेहमीच्या साखरेचं आधी विघटन व्हावं लागतं. पण गूळ ओलावाही ओढतो, म्हणून ती नानकटाई मऊ पडते. रंग फिका सोनेरी आला की थांबावं. पीठ फार करपवलं की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नकोसं द्रव्य वाढतं, हे 2002 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

बाहेर काढलेली नानकटाई बोटाने दाबली तर मऊ लागते, आणि इथेच पुष्कळ जण ती परत आत ढकलतात. मीही ढकलल्या आहेत, खडे झाले. ती मऊ असते कारण तूप अजून पातळ आहे. अर्ध्या तासाने तूप थिजायला लागतं, साखर घट्ट होते आणि तेव्हा कुठे तिचा खरा पोत कळतो.

मग पाणी परत यायची वाट शोधतं. मैद्यात मुळात तेरा-चौदा टक्के ओलावा असतो, तो भाजताना निघून जातो आणि चांगल्या बिस्किटात पाच टक्क्यांच्याही खाली येतो. इतकं कोरडं झालेलं पिष्ट आणि साखर हवेतली वाफ ओढून घेतात. जुलैत कोकणात डबा उघडा राहिला तर रात्रीतून सगळं सादळतं. सादळलेल्या नानकटाया 120 अंशांना दहा मिनिटं ठेवून गार केल्या की बऱ्याच सावरतात. पण सर्वांत वाईट ओलावा आपणच कोंडतो, गरम नानकटाया डब्यात भरून. बेकरीतून आल्यावर आई सगळे डबे ओट्यावर उघडे ठेवायची, वर फक्त पातळ मलमलचं फडकं. झाकणं रात्री जेवणं झाल्यावर लागायची.