कॅफे रेसर

कॅफे रेसर : रस्त्यावर चालवायच्या जुन्या मोटारसायकलीचे बिनगरजेचे भाग उतरवून आणि स्वाराची बैठक पुढे झुकती करून, शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर केलेले रूपांतर. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये, बहुधा १९५० च्या दशकात, आकाराला आली. आखूड व खाली बसवलेले दुभागी हँडल (क्लिप-ऑन), मागे सरकवलेले फूटरेस्ट, लांबट टाकी आणि मागे कुबड असलेली एकट्याची सीट या तिच्या ढोबळ खुणा आहेत.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. महामार्गांलगतच्या खाणावळींत थांबणारे ट्रकचालक बाहेर मिरवणाऱ्या तरुणांना ‘तुम्ही शर्यतीतले नव्हे, कॅफेतले रेसर’ असे हिणवत, ही कथा सर्वत्र आढळते. मात्र ती बरीचशी ऐकीव वाटते. कॅफे हे स्वारांचे जमण्याचे व सुटण्याचे ठिकाण होते, एवढ्यावरूनही नावाचा उलगडा होतो आणि तो अधिक साधा आहे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफे (स्थापना १९३८, बाँबहल्ल्यात नष्ट झाल्यावर १९४९ मध्ये पुन्हा बांधलेले) हे यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ज्यूकबॉक्सवर गाणे लावायचे आणि ते संपण्याआत ठरलेली फेरी मारून परतायचे, ही तिथली आख्यायिका सावधपणेच घ्यावी लागते. तीन मिनिटांत आठ किलोमीटर कापायचे तर थांब्यापासून थांब्यापर्यंतची सरासरीच ताशी १०० मैल (सुमारे १६१ किमी) पडते. हा वेग एकदा तरी गाठणे ही स्वारांची खरी आकांक्षा होती. ब्रिटिश बोलीत ताशी १०० मैलांना ‘टन’ म्हणत; ‘टन-अप’ हे त्यांचे बिरुद त्यावरूनच आले.

या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची गाडी म्हणजे ट्रायटन : नॉर्टन या ब्रिटिश कंपनीची चासी (सांगाडा) आणि ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचे जोडसिलिंडर इंजिन. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चासी बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी घडवली व १९५० पासून ती कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्यांत दिसू लागली. पोलादी नळ्यांच्या दोन वळशांच्या या सांगाड्यामुळे वळणावर गाडी कमालीची स्थिर राही. ट्रायटनच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार, ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कारसाठी नॉर्टन मँक्स या शर्यतीच्या मोटारसायकलीची इंजिने काढून घेतली जात. कारखाना सुटे इंजिन विकत नसल्याने पूर्ण गाडी घ्यावी लागे आणि रिकाम्या चासी उरत. दुसऱ्या मतानुसार, साध्या नॉर्टन डॉमिनेटरच्या चासी हाच मुख्य पुरवठा होता. आरंभीच्या काही गाड्यांना पहिले मत लागू पडत असेल. पण अनेक ट्रायटनची चासी ‘स्लिमलाइन’ म्हणजे १९६० नंतरची, वरच्या नळ्या जवळ आणलेली आहे आणि ती मँक्सला कधीच नव्हती. १९६३ पूर्वीच्या ६५० सीसी ट्रायम्फला गिअरबॉक्स वेगळा असे. त्यामुळे इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जागा स्वतंत्रपणे ठरवता येत. त्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून बसवाव्या लागत आणि चेन सरळ रेषेत आणणे हे खरे कौशल्याचे काम असे. शर्यतपटू व गाड्या बांधणारे डेव्ह डेगेन्स यांच्या ‘ड्रेस्डा’ या कार्यशाळेच्या ट्रायटनने १९६५ ची बार्सिलोना येथील २४ तासांची शर्यत जिंकली. घरगुती जोडकामातून निघालेल्या कल्पनेची यापेक्षा मोठी पावती नाही.

ब्रिटनमध्ये १९६१ पासून शिकाऊ स्वारांवर २५० सीसीची मर्यादा आली. रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ही २५० सीसीची, कारखान्यातूनच कॅफे रेसरच्या रूपात निघालेली गाडी त्याच वर्गासाठी होती. डिसेंबर १९६५ पासून ताशी ७० मैलांची वेगमर्यादा लागू झाली. स्वस्त मोटारी व जपानी गाड्यांनी उरलेली जागा व्यापली. १९६९ मध्ये एस कॅफे बंद पडले व २००१ मध्ये पुन्हा उघडले.

भारतात जुनी बुलेट, येझदी, आरएक्स १०० यांवर असे काम केले जाते. बहुतेक वेळा ते हँडल, सीट, मडगार्ड व सायलेन्सर यांपुरतेच असते. चासी बदलण्यापर्यंत क्वचितच मजल जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली.