अंगणवाडी (बोर्डी-कोसबाडची बालशिक्षणपद्धती)

अंगणवाडी म्हणजे तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना त्यांच्याच पाड्यात, घराच्या अंगणात किंवा झाडाखाली, खेळ, गाणी, गोष्टी आणि नित्याचे व्यवहार यांतून शिकवण्याची पद्धती. ताराबाई मोडक (1892-1973) आणि अनुताई वाघ (1910-1992) यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे ती घडवली. आज देशभर याच नावाने चालणाऱ्या सरकारी केंद्रांमुळे अंगणवाडी म्हटले की प्रथम पोषण आहार आठवतो. मुळात मात्र ती शिक्षणाची कल्पना होती.

या पद्धतीची मुळे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आहेत. तेथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले आणि इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची तत्त्वे भारतीय घरांतील मुलांना लागू करून पाहिली. ताराबाई तेथेच गिजुभाईंच्या सहकारी झाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शहरी मध्यमवर्गीय मुलांसाठी काम केले, पण खेड्यातील गरीब मुलापर्यंत पोहोचल्याखेरीज बालशिक्षणाला अर्थ नाही, अशी त्यांची धारणा होत गेली. 1945 मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई त्याच वर्षी तेथे आल्या आणि अखेरपर्यंत त्या परिसरातच राहिल्या.

बोर्डीत पहिली अडचण आली ती मुलांच्या येण्याचीच. वारली पाड्यांतील आईबाप पहाटेच मजुरीला जात, थोरल्या मुलांकडे धाकटी भावंडे किंवा गुरे सोपवलेली असत, आणि गावातील बालवाडीची इमारत त्या मुलांना परकी वाटे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्याकडे जावे, हा ताराबाईंचा निर्णय या पद्धतीचा पाया ठरला. शिक्षिका साहित्य घेऊन पाड्यात जाऊ लागली आणि तेथील अंगणात वर्ग भरू लागला. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी चराईच्या जागीच कुरणशाळा भरवण्यात आली. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलींची सोय व्हावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवण्याची विकासवाडीची कल्पना पुढे आली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

अशा बालवाडीत दिनक्रम हाच अभ्यासक्रम असतो. सुरुवात हातपाय धुणे, नखे कापणे आणि केस विंचरणे यांनी होते. हे स्वच्छतेचे धडे आहेतच, पण बटण लावणे, गाठ मारणे, स्वतःचा चेहरा आरशात न्याहाळणे यांतून मुलाचा आपल्या शरीरावर ताबा येतो आणि आपले आपण करण्याचा आनंद त्याला मिळतो. मग जागा झाडणे, पाणी भरणे, भांड्यातून भांड्यात न सांडता ओतणे, धान्य निवडणे अशी कामे येतात. मोठ्यांना ती किरकोळ वाटली तरी मूल त्यांत विलक्षण एकाग्र होते. त्यानंतर फेर धरून बडबडगीते व अभिनयगीते, मग प्रत्येकाने आपल्या आवडीचे साधन घेऊन खेळण्याचा मुक्त वेळ, मध्ये खाऊ आणि शेवटी गोष्ट. बैठे आणि धावपळीचे खेळ आलटूनपालटून ठेवले जातात, कारण या वयाचे मूल फार वेळ एका जागी बसू शकत नाही आणि त्याला तसे बसवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. क्रम रोज सारखा असल्याने आता पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असते. घरचे वेळापत्रक मजुरीवर अवलंबून असणाऱ्या मुलाला या ठरलेपणाचा फार मोठा आधार वाटतो.

माँटेसरी साधने महाग असत, आणि पाड्यावर ती हरवत किंवा मोडत. म्हणून शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया, काड्या, माती आणि बांबू यांपासून साधने तयार झाली. चिंचोक्यांचे ढीग करताना कमी-जास्त कळते, शिंपले लहान-मोठे लावताना क्रम कळतो, पानांच्या जोड्या जुळवताना नजर बारकावा टिपते. चिकणमातीचे गोळे वळणे व मातीवर रेघोट्या ओढणे यांतून बोटांना जे बळ येते, त्यावरच पुढे पेन्सिल धरणे अवलंबून असते. वारली घरांच्या भिंतींवर चित्रे असतातच, त्यामुळे तेथील मुलांना रेषेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. बोलणे मुलाच्या घरच्या बोलीत सुरू होते आणि गाणी-गोष्टींच्या ओघात प्रमाण मराठी त्याच्या कानावर पडू लागते. अक्षरे आणि अंक या सगळ्यानंतर येतात. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर ‘अ’ गिरवून घेण्याची घाई आज पालकांत आणि खासगी वर्गांत जी दिसते, तिला या पद्धतीत जागा नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्या मुलाला पुढील उपचारांसाठी दवाखान्यात पाठवणे), आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. कुपोषित मुलाला आधी अन्न हवे, यात वाद नाही. पण आहार, वजने, गृहभेटी आणि नोंदी यांचा भार एकट्या सेविकेवर पडत गेला आणि सर्वांत जास्त ओढाताण सहाव्या सेवेची झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. त्यासाठी अंगणवाडीत रोज काही तास सेविकेला फक्त मुलांजवळ बसता येईल अशी कामाची विभागणी करणे अजून बाकी आहे.