कॉलेज एक आणि डिग्रीवर नाव दुसऱ्याचं, हे मुळात आलं कुठून?

ॲडमिशन कॉलेजात, शिकवणारे सर-मॅडम कॉलेजचे, पण सिलॅबस, पेपर, मार्कशीट, डिग्री सगळं विद्यापीठाचं. पेपर काढणारा वेगळाच कुणीतरी, आणि तपासणाऱ्यासमोर उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता बारकोड. आपल्याकडची उच्च शिक्षणाची सिस्टीम समजून घ्यायची असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण बाकीचा गुंता इथूनच वाढत गेलाय.

१८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे चार्ल्स वुडने भारतातल्या शिक्षणाबद्दल पाठवलेल्या आदेशपत्रात, ठरलं की भारतात विद्यापीठं काढायची आणि मॉडेल घ्यायचं लंडन विद्यापीठाचं, जे तेव्हा शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं. मग १८५७ मध्ये, इकडे उठाव पेटलेला असतानाच, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास विद्यापीठं कायद्याने स्थापन झाली. एल्फिन्स्टनसारखी कॉलेजं आधीपासून होतीच, ती विद्यापीठाला जोडून (म्हणजे संलग्न करून) दिली की झालं, सरकारला स्वस्तात पडणारी व्यवस्था होती ही. रानडे, भांडारकर हे मुंबईच्या पहिल्या पदवीधरांतले, १८६२ चे. आणि पुण्यात फर्ग्युसनला शिकलेल्यांची डिग्रीसुद्धा मुंबईचीच असायची, थेट १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू होईपर्यंत!

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की ज्या लंडनची नक्कल केली त्यांनी १८९८ च्या कायद्याने स्वतः शिकवायला सुरुवात केली, आपल्याकडेही १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवायची मुभा मिळाली, मुंबईत १९१९ ला पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, पण हे सगळं मुख्यतः एमए-पीएचडीपुरतं राहिलं. बीए, बीकॉम, बीएस्सीचा पोरगा होता तिथेच, म्हणजे संलग्न कॉलेजात. "सर, हे परीक्षेला येणारे का?" हा प्रश्न पोरं आळशी आहेत म्हणून विचारत नाहीत हो, शिकवणारा आणि मार्क देणारा वेगळा असला की तो विचारावाच लागतो.

स्वातंत्र्यानंतर वरचे मजले चढले. १९५६ च्या कायद्याने यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण केंद्र आणि राज्य दोघांकडे, १९८७ ला एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला, कायद्याचं बळ. त्यात महाराष्ट्राने १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. म्हणून आज एका इंजिनिअरिंग कॉलेजला मान्यता एआयसीटीईची, संलग्नता विद्यापीठाची, आणि प्रवेश-फी राज्याच्या नियमांनी. रिझल्ट लटकला की जबाबदार नेमका कोण हे विद्यार्थ्याला कळतच नाही, आणि एटीकेटीवाल्याचे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षाला गेलेल्याचे, तर फार हाल होतात.

सुटका करायचा प्रयत्न म्हणजे स्वायत्त कॉलेजं, पेपर आणि सिलॅबस त्यांचा, डिग्री मात्र अजून विद्यापीठाचीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर संलग्नता टप्प्याटप्प्याने १५ वर्षांत बंद करायचं म्हटलंय. शहरातल्या जुन्या कॉलेजांना जमेलही, पण तालुक्याच्या कॉलेजात जिथे एका विषयाला एकच प्राध्यापक, तोही तासिका तत्त्वावर, तिथे सिलॅबस कोण बनवणार आणि पेपर कोण काढणार? आधी या कॉलेजांतल्या जागा भरा, मग स्वायत्ततेचं बोलू.