पार्श्वभूमी: पोर्तुगालचे हरलेले गाणे आणि १९७४ ची क्रांती

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली. स्वीडनचा 'अ‍ॅबा' समूह जिंकला आणि जगाने तेवढेच लक्षात ठेवले. पोर्तुगालचा पाउलो दि कार्व्हाल्यो इतर तीन देशांच्या गायकांबरोबर तळाला राहिला. प्रत्येक देशाच्या दहा परीक्षकांना एकेक मत होते. स्पर्धेत १७ देश, म्हणजे त्याला मत देऊ शकणारे परीक्षक १६०. त्याला मते पडली ३.

पोर्तुगालला हे नवे नव्हते. १९६४ च्या पदार्पणात तर शून्य गुण मिळाले होते, आणि त्याच रात्री कोपनहेगनच्या मंचावर स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असा फलक घेऊन एक निदर्शक चढला होता. सालाझारची राजवट म्हणजे १९६१ पर्यंत गोव्याला जखडून ठेवणारी राजवट. १९६८ मध्ये त्याच्या जागी मार्सेलो काएतानो आला, पण सेन्सॉर, गुप्त पोलीस आणि अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धे संपली नाहीत. या युद्धांना विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी अखेर उठावाचा बेत रचला.

एकाच वेळी हालचाल करायची तर सगळ्यांना ऐकू जाईल असा इशारा हवा, आणि तो रेडिओच देऊ शकत होता. राजवटीला नकोसे असलेले गाणे लावले असते तर लगेच संशय आला असता. कार्व्हाल्योचे 'ई देपोइश दु आदेउश' हे निरोपानंतरच्या एकटेपणाचे साधे प्रेमगीत होते. देशाने स्पर्धेला पाठवलेले गाणे रेडिओवर लागले, तर त्यात कुणाला काय वावगे वाटणार? २४ एप्रिलच्या रात्री १०.५५ ला लिस्बनच्या एका केंद्राने ते लावले आणि बराकींमध्ये तयारी सुरू झाली.

ते केंद्र फक्त राजधानीच्या परिसरात ऐकू येई. म्हणून मध्यरात्री १२.२० ला 'रेडिओ रेनासेन्सा'वरून झेका आफोन्सोचे 'ग्रांडोला' लागले आणि तुकड्या बाहेर पडल्या. क्रांतीचे गाणे म्हणून आज मान 'ग्रांडोला'ला मिळतो. तो रास्तच आहे, पण पहिल्या गाण्याची उपेक्षा मला अन्यायाची वाटते. २५ एप्रिलच्या संध्याकाळी काएतानोने शरणागती पत्करली.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने तेव्हा मान्य केले.